वेदनाशामक गोळी आणि उपवासाचे दिवस : काही नेहमीचे प्रश्न

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



भाद्रपद शुद्ध पंचमीस दशलक्षण पर्वाचा आरंभ होतो आणि अनंत चतुर्दशीपर्यंत मंदिरे गजबजलेली असतात. पहाटेचा अभिषेक, पूजन, तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांचे वाचन, सायंकाळची आरती या सर्व कार्यक्रमांत तासन् तास मांडी घालून बसावे लागते. साठी ओलांडलेल्या एखाद्या श्राविकेचे चित्र या वेळी डोळ्यांसमोर आणावे. तिचे गुडघे झिजलेले आहेत. रक्तदाबाची गोळी ती दहा वर्षांपासून नियमाने घेते. चतुर्दशीचा निर्जल उपवास तिने लग्नानंतर कधी चुकविलेला नाही. नवव्या दिवशी गुडघा सुजतो. घरातील डब्यात गेल्या वर्षीची डायक्लोफिनॅकची अर्धी पट्टी शिल्लक असते. उपवासात तर गोळी चालणार नाही, म्हणून ती धारणेच्या दिवशी सूर्यास्तापूर्वी दीर्घकाळ काम करणारी एक गोळी घेऊन ठेवते. पारण्याच्या दिवशी सकाळी तोंडात प्रथम दोन घोट पाणी आणि त्याबरोबर दुसरी गोळी जाते. गुडघा थांबतो. तीन-चार दिवसांनी मात्र पाय सुजू लागतात, लघवी कमी होते आणि भूक मरते. घरातील मंडळी हा सारा अशक्तपणा उपवासाचा समजतात.

असे चित्र अपवादात्मक नाही. त्यात दोष उपवासाचा नाही आणि एकट्या गोळीचाही नाही. दोन्ही गोष्टी परस्परांना न विचारता एकत्र आल्या, एवढेच घडले. व्रताची माहिती डॉक्टरांना दिली जात नाही आणि गोळीची माहिती व्रताचा नियम देणाऱ्यांना दिली जात नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय नेमका हा आहे.

डायक्लोफिनॅक हे औषध १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी विकसित केले. भारतात ते व्होव्हेरान आदी अनेक व्यापारी नावांनी घराघरांत पोहोचले आहे. आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड, पायरॉक्सिकॅम ही त्याच कुळातील औषधे होत. ती केवळ वेदना शमवीत नाहीत, सूजही उतरवितात. म्हणून त्यांस दाहशामक म्हणतात. स्टेरॉइड हा वर्ग वेगळा आहे. डायक्लोफिनॅकच्या पट्टीवर हे औषध 'शेड्यूल एच' मधील असून नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवाचून विकू नये, अशी सूचना छापलेली असते. ती किती जण वाचतात, हा प्रश्न दुकानदार आणि गिऱ्हाईक या दोघांनीही स्वतःस विचारण्यासारखा आहे.

हे औषध करते तरी काय? शरीरातील पेशी 'प्रोस्टाग्लँडिन' नावाची द्रव्ये निर्माण करतात. दुखापत झालेल्या जागी ही द्रव्ये सूज आणि वेदना वाढवितात. ॲस्पिरिन आणि तत्सम औषधे या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि १९८२ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. अडचण अशी की, हीच द्रव्ये अन्यत्र उपकारक कामे करीत असतात. जठरात ती आम्लापासून आतील अस्तराचे रक्षण करतात. मूत्रपिंडात ती रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात. पोटात गेलेली गोळी गुडघ्यास ओळखत नाही. ती रक्ताबरोबर सर्वत्र जाते आणि सर्वत्र ही द्रव्ये कमी करते.

मूत्रपिंडाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण जठराविषयी बहुतेकांस थोडेबहुत ठाऊक असते, मूत्रपिंडाविषयी नसते. शरीरात पुरेसे पाणी असते तेव्हा मूत्रपिंडास प्रोस्टाग्लँडिनची फारशी गरज भासत नाही. म्हणूनच पायाला मुरड पडलेला पंचविशीतील तरुण तीन-चार दिवस ही गोळी घेतो आणि त्यास बहुधा काही होत नाही. परंतु पाणी कमी पडले की रक्ताचा प्रवाह आटतो आणि त्या वेळी मूत्रपिंड याच द्रव्यांच्या आधाराने आपला रक्तपुरवठा टिकवून धरते. निर्जल उपवासाच्या दिवशी, जुलाब-उलट्यांत किंवा वैशाखातील विहारात साथ देणाऱ्या श्रावकास घाम जाऊन पाणी न मिळाल्यास नेमकी हीच अवस्था असते. अशा वेळी घेतलेली गोळी तो आधारच काढून घेते. वय जितके अधिक, तितका धोका अधिक.

त्यात रक्तदाबाच्या गोळीची भर पडते. ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येते, उदाहरणार्थ रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, ती रक्तदाबावर उत्तम औषधे आहेत. परंतु मूत्रपिंडातील दाब टिकविण्याचा दुसरा मार्ग ती सैल करतात. सोबत हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा फ्युरोसेमाइडसारखे लघवी वाढविणारे औषध असेल, तर शरीरातील पाणी आणखी कमी होते. हे तिन्ही प्रकार एकत्र आले तर मूत्रपिंडास अचानक इजा होण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्रास चांगले ज्ञात आहे. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकाच गोळीत मिळत असल्यामुळे रुग्णास वाटते की आपण रक्तदाबाची एकच गोळी घेतो. प्रत्यक्षात त्या एका गोळीत दोन प्रकार असतात आणि डायक्लोफिनॅक हा तिसरा होतो. शिवाय दाहशामक औषधाने शरीरात मीठ व पाणी साचून रक्तदाबही वाढतो, तो भाग निराळा.

'उपाशीपोटी घेतली तर चालते का?' हा सर्वांत नेहमीचा प्रश्न. साधारणतः ती जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी. जेवणामुळे जळजळ आणि मळमळ कमी होते. परंतु पोट भरलेले असले म्हणजे अल्सर होणारच नाही, असे समजू नये. इजा केवळ गोळीच्या स्पर्शाने होत नाही, रक्तात गेलेल्या औषधानेही होते. याच कारणास्तव इंजेक्शनविषयीचा एक दृढ समज सोडून दिला पाहिजे. उपवासाच्या दिवशी गोळी पोटात जाऊ नये म्हणून कंबरेत डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन घेण्याचा आग्रह काही मंडळी डॉक्टरांकडे धरतात. इंजेक्शनने व्रत राहते की मोडते, हा निर्णय ज्याचा त्याने किंवा गुरुजनांनी करावा. वैद्यकीय दृष्टीने पाहता जठर त्यामुळे वाचत नाही आणि मूत्रपिंडास तर काहीच फरक पडत नाही.

पित्ताची गोळी, म्हणजे ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल, सोबत दिली जाते. ती सकाळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेतल्यास जठराचे बऱ्याच अंशी रक्षण करते. मूत्रपिंड आणि हृदय यांच्याशी मात्र तिचा संबंध नाही. 'पित्ताची गोळी घेतो, म्हणून दुखण्याची गोळी निर्धास्त घेतो' हे विधान अर्धेच खरे आहे.

एकाशन करणाऱ्यांची अडचण वेगळी असते. चिठ्ठीवर गोळी दिवसातून दोनदा किंवा तीनदा लिहिलेली असते आणि भोजन-पाणी एकदाच होते. अशा वेळी दोन गोळ्या एकदम घेण्याचा मार्ग काही जण स्वतःच काढतात. तो सर्वथा चुकीचा आहे. प्रौढांस डायक्लोफिनॅकची दिवसाची कमाल मात्रा सर्व मिळून १५० मिलिग्रॅम असते, आणि वृद्धांच्या बाबतीत डॉक्टर ती बहुधा बरीच कमी ठेवतात. दिवसातून एकदाच औषध घेता येईल हे आधी सांगितले, तर डॉक्टरांस औषध, मात्रा किंवा वेळ बदलता येते. गोळी फोडणे, चावणे, कुटणे हेही टाळावे. डायक्लोफिनॅकच्या पुष्कळ गोळ्यांवर जठरात न विरघळणारे आवरण असते आणि 'एसआर' लिहिलेल्या गोळीतील औषध हळूहळू सुटावे अशी तिची रचना असते. कुटल्यावर दोन्ही गोष्टी निरर्थक होतात.

मुनिमहाराज आणि आर्यिका माताजींच्या आहारचर्येत ही काळजी शतपट घ्यावी लागते. अनेक त्यागी ॲलोपॅथिक औषध स्वीकारतच नाहीत, त्यामुळे त्यांच्यापुरता प्रश्न उरत नाही. जे वैद्यांच्या सल्ल्याने औषध घेतात, त्यांचे आहार-पाणी चोवीस तासांत एकदाच होते आणि अंतराय आला तर तेही तिथेच थांबते. चौक्यात आरंभीच गोळी दिली आणि पुढच्या क्षणी अंतराय आला, तर रिकामे पोट, थोडेसे पाणी आणि रक्तात दाहशामक औषध अशी स्थिती दुसऱ्या दिवशीच्या आहारापर्यंत राहते. म्हणून गोळी द्यावयाचीच असेल, तर पुरेसे अन्न व पाणी झाल्यानंतर द्यावी. अंतरायामुळे ती राहून गेली, तर एका दिवसाची वेदना सोसावी लागेल; परंतु वेदनेपेक्षा मूत्रपिंडाची हानी निश्चितच मोठी. गावोगावचे चौके बदलत असल्यामुळे कालच्या गावात कोणते औषध दिले याची नोंद संघाबरोबर फिरणे अगत्याचे आहे. भक्तिभावाने प्रत्येक गावात एकेक नवी वेदनाशामक गोळी पुढे केली जाणे, हे औषधदान ठरत नाही.

'आयुर्वेदिक' म्हणून मिळणाऱ्या बिनलेबलाच्या पुड्यांविषयीही येथेच सांगितले पाहिजे. ज्या पुडीने गुडघा दोन तासांत थांबतो, तिच्याविषयी शंका घ्यावी. अशा पुड्यांत स्टेरॉइड किंवा हीच दाहशामक औषधे मिसळल्याचे प्रकार औषध तपासणीत उघडकीस आलेले आहेत. नामांकित वैद्यांनी दिलेल्या, लेबल असलेल्या औषधांविषयी हे विधान नाही.

घरातील घोटाळ्याचे आणखी एक कारण म्हणजे नावे. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल असते. झेरोडॉल-एसपीमध्ये ॲसिक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराशिओपेप्टिडेज ही तीन द्रव्ये असतात. दाताच्या डॉक्टरांनी एक दिली, हाडांच्या डॉक्टरांनी दुसरी दिली आणि रुग्णाने दोन्ही घेतल्या, तर नावे भिन्न असूनही एकाच कुळातील दोन औषधे पोटात जातात. त्याने वेदना दुपटीने कमी होत नाही, धोका मात्र वाढतो. पट्टीवरील मोठ्या अक्षरांतील नावाखाली लहान अक्षरांत घटक छापलेले असतात. ते वाचावेत, किंवा घरातील शाळकरी नातवाकडून वाचून घ्यावेत. जाता जाता सेराशिओपेप्टिडेजविषयी एक माहिती द्यावीशी वाटते: हे द्रव्य निर्माण करणारा जिवाणू मूळ रेशीमकिड्याच्या आतड्यात सापडला होता. आज ते जिवाणूंच्या संवर्धनातून तयार करतात. त्याच्या उपयोगाचा पुरावा फारसा भक्कम नसल्यामुळे, नको असल्यास तसे डॉक्टरांस निःसंकोच सांगता येते.

कॅप्सूलचा प्रश्नही समाजात नेहमी विचारला जातो. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. वनस्पतिजन्य सेल्युलोजचे आवरणही उपलब्ध आहे. डायक्लोफिनॅक तर साध्या गोळीच्या रूपात सहज मिळते. कॅप्सूल फोडून आतील दाणे तेवढे घेण्यापेक्षा चिठ्ठी लिहितानाच गोळी मागून घेणे सुरक्षित.

हृदयाविषयी. याच कुळातील रोफेकॉक्सिब हे औषध २००४ मध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा व पक्षाघाताचा धोका वाढतो असे दिसल्यामुळे जगभरातून मागे घेण्यात आले. डायक्लोफिनॅकच्या बाबतीतही, ज्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, हृदयाची अशक्तता किंवा पूर्वी पक्षाघात झालेला आहे त्यांना ते देऊ नये, असा निर्णय युरोपीय औषध नियामकांनी २०१३ मध्ये दिला. अँजिओप्लास्टी झालेल्या व्यक्तीने शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरील गोळी घेणे का टाळावे, हे यावरून स्पष्ट व्हावे. जे रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन, क्लोपिडोग्रेल किंवा लहान मात्रेतील ॲस्पिरिन घेतात, त्यांच्या जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका याने वाढतो. मेथोट्रेक्सेट, लिथियम आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांनीही डॉक्टरांस सांगितल्यावाचून ही औषधे घेऊ नयेत. ॲस्पिरिनने ज्यांचा दमा उसळतो, त्यांच्यासाठी हे कूळच वर्ज्य समजावे. गर्भवती स्त्रियांनी, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, ते टाळावे.

पर्वाचे दिवस पावसाळ्यात येतात आणि तोच डेंग्यूचा काळ असतो. अंग मोडून येणाऱ्या तापात डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेण्याचा मोह होतो, कारण त्याने अंगदुखी लगेच थांबते. डेंग्यूत रक्तातील प्लेटलेट कमी होतात आणि ही औषधे रक्तस्राव वाढवितात. म्हणून निदान होईपर्यंत तापावर पॅरासिटामॉल घ्यावे, अन्य काही घेऊ नये. लहान मुलांच्या तापासाठी पूर्वी सर्रास दिल्या जाणाऱ्या निमेसुलाइडवर बारा वर्षांखालील मुलांसाठी भारतात २०११ मध्ये बंदी आली. जुन्या सवयीने ते मागणारे पालक अजून भेटतात.

मग गुडघा दुखला तर काय करावे? गुडघ्याच्या झिजेच्या दुखण्यात डायक्लोफिनॅकचे मलम हा पुष्कळदा चांगला पर्याय ठरतो. त्वचेतून रक्तात जाणारे औषध गोळीच्या मानाने फारच थोडे असते आणि ते पोटात घ्यावयाचे नसल्यामुळे उपवासातही त्याचा विचार करता येतो. ते जखमेवर लावू नये आणि लावल्यावर त्यावर शेक घेऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तेही विचारूनच वापरावे. पॅरासिटामॉल जठर व मूत्रपिंड यांच्या दृष्टीने अधिक सौम्य आहे; परंतु सलग अनेक दिवसांच्या उपवासात यकृत त्यास पूर्वीप्रमाणे झेपवू शकत नाही, म्हणून त्याचीही मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. मांड्यांच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे यांचा लाभ कोणत्याही गोळीपेक्षा दीर्घकाळ टिकतो. आणि मंदिरात खुर्चीवर बसून पूजन केल्याने भाव उणा होतो, असे कोणत्याही तरुण कार्यकर्त्याने ज्येष्ठांस भासवू नये. प्रत्येक मंदिरात चार जास्तीच्या खुर्च्या ठेवणे हे आरोग्याचेच कार्य आहे.

उरलेल्या पट्ट्यांचे काय करावे, हाही प्रश्न असतो. औषधपेटीत टाकलेली अर्धी पट्टी, जिच्यावर ना मुदतीची तारीख दिसते ना नाव, कोणाच्याही उपयोगाची नाही. पांजरपोळात जनावरांसाठी ती देण्याचा विचार तर करूच नये. या औषधाने भारतात मोठा अनर्थ घडविला आहे. डायक्लोफिनॅक दिलेले जनावर मरण पावल्यानंतर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तोपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडे बहुतांश नाहीशी झाली होती. भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही ३ मिलिलिटरच्या एकमात्रा कुपीपुरते मर्यादित करण्यात आले. २०२३ मध्ये जनावरांसाठी ॲसिक्लोफिनॅक व कीटोप्रोफेन यांवरही बंदी आली. पांजरपोळाच्या पशुवैद्यांस गिधाडांस अपाय न करणारे मेलॉक्सिकॅम उपलब्ध आहे. करुणेपोटी गाईस दिलेले औषध दुसऱ्या जिवाच्या प्राणावर बेतू नये, एवढे व्यवस्थापकांनी पाहावे.

कोणती लक्षणे दिसताच थांबू नये? डांबरासारखी काळी शौचास होणे, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, लघवी फारच कमी होणे, चेहऱ्यावर वा पायांवर सूज, धाप लागणे, छातीत दुखणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, अंगावर पुरळ उठून ओठ सुजणे, डोळे पिवळे होणे. यांपैकी काहीही दिसल्यास गोळी तत्काळ बंद करून रुग्णालय गाठावे. रात्र आहे, पारणे व्हावयाचे आहे, म्हणून सकाळची वाट पाहू नये. जठरातील अल्सर पुष्कळदा वेदनेवाचून वाढतो, कारण वेदना दाबण्याचे काम गोळी करीतच असते.

ज्यांना उपवास करावयाचा आहे आणि रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी श्रावणातच एकदा डॉक्टरांकडे जावे. सोबत सर्व गोळ्यांच्या पट्ट्या न्याव्यात, केवळ नावे सांगू नयेत. किती दिवसांचा उपवास, निर्जल की पाणी घेऊन, भोजन दिवसातून किती वेळा, ही माहिती न विचारताही द्यावी. कारण पुष्कळ डॉक्टरांस निर्जल उपवास म्हणजे काय याची कल्पना नसते. दाहशामक गोळी उपवासाच्या किती दिवस आधी थांबवावी आणि पारण्यानंतर केव्हा सुरू करावी, रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांत काय बदल करावा, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यावे. रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी त्याच भेटीत करून घ्यावी. पारण्यानंतर आठवडाभरात पाय सुजले किंवा लघवी कमी वाटली, तर तीच तपासणी पुन्हा करून दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहता येतात.